रक्तात होतं, सुटत नव्हतं

आये, मी डॉक्टरांशी खोटं बोलले आणि त्याचं कारण तू आहेस. तू जाऊन वीस वर्षं झाली तरी तुझी बाजू सांभाळायची माझी खोड गेलेली नाही.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दिसते सात-आठची. मी तिच्याशी वागले ते तुझ्याकडूनच शिकलेलं. आपल्या पाली गावात बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या राहिल्या की माझ्या वयाच्या पोरी दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायच्या. माझा हात खालच्या बांबूलाही पोचेना. तू मला उलट्या टोपलीवर उभं केलंस, बायका हसल्या. घरी आल्यावर तू माझं तोंड धरून भात कोंबतेयस, "खा, न्हायतर अशीच ऱ्हाशील," आणि मी रडत गिळतेय. अंडी, माशाची कलेजी, नाचणीची पेज, तू काही म्हणून सोडलं नाहीस. मी आडवी वाढले, उभी नाही. वर खाल्लेलं उंचीला लागत नाही म्हणून तू मला जेवणचोर म्हणालीस, ते आजही लागतं.

गेल्या महिन्यात सिल्व्हर पार्कच्या आमच्या घरात मी मुलीचं तोंड अगदी तसंच धरलं. "मम्मी, बस ना, पोट दुखतंय," ती म्हणत होती. ताट संपेपर्यंत मी तिला उठू दिलं नाही.

गुरुवारी भाईंदर पूर्वेला डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पुढे ठेवले. काहीतरी कमी निघणार अशी माझी खात्री होती. निघालं उलटंच, वाढीचं हार्मोन पुरेसं आणि त्याच्यामुळे तयार होणारा वाढीचा घटक तर नेहमीपेक्षा जास्त. "मग ही वाढत का नाही?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो घटक रक्तात एका प्रथिनाला बांधलेला असतो. ते प्रथिन कापणारं एक एन्झाइम असतं. त्यानं कापलं की घटक सुटतो आणि हाडं वाढतात. हिच्यात ते एन्झाइमच नीट नसावं असा मला संशय आहे. फार थोड्या मुलांत दिसतं हे."

"म्हणजे खाण्यामुळे नाही?"

"खाण्याचा काही संबंध नाही हो."

मग त्यांनी विचारलं, "लग्नाआधी तुमचं आणि मिस्टरांचं काही नातं?" मी ताडकन "नाही" म्हटलं. तुझा भाचा माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता.

मामाच्या घरात तू मला का दिलंस ते मला पाठ आहे. "परक्या घरात तुला बुटकी म्हनतील. माज्या भावाच्या घरात कोनाची हिंमत हाय?" खरंच, तिथे मला कोणी एक शब्द बोललं नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं की आईबाप दोघांकडून तोच दोष आला तरच मूल असं होतं, आणि नात्यात लग्न असेल तर ती शक्यता वाढते. तसं नसेल तर आधी नेहमीची कारणं तपासायची, त्यात तीन-चार महिने जाणार. हाडांची वाढ एकदा थांबली की वाढीच्या इंजेक्शनांचा उपयोग नाही, हेही त्या म्हणाल्या. तरीही मी माझं "नाही" बदललं नाही. त्या कागदावर तुला गुन्हेगार म्हणून लिहितील असं मला वाटलं.

तीन दिवस मी नवऱ्याला टाळलं. शेवटी तो म्हणाला, "आत्याला कोण नावं ठेवतंय? पोरीचे वाढीचे दिवस चाललेत ना." मग आज सकाळी मी डॉक्टरबाईंना फोन केला. "मिस्टर माझे मामेभाऊ आहेत," मी सांगून टाकलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "उद्या रक्त द्यायला आणा, थेट जनुकाची तपासणी लावते."

मला तुझा राग येतो, आये. पण उंची खाण्यामुळे अडलेली नाही, हे तुला सांगणारं कोणी नव्हतं. मला गुरुवारी सांगितलं गेलं, आणि मुलीला मी अजून सांगितलेलं नाही.

मगाशी ती जेवायला बसली होती. मी नुसतं पाणी द्यायला वाकले, तर तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. तिची माफी मागायची मला भीती वाटते, म्हणून मी तुला लिहीत बसलेय.