बटण कोण बंद करतं

१२ नोव्हेंबर २००६, अंजूर
"बटन कोन बंद करतं गो?" आत्याचा प्रश्न. लॅबमधलं काम तिला समजावत होते. गर्भाशयाच्या कॅन्सरच्या अगदी सुरुवातीला कधी कधी पेशीतलं दुरुस्ती करणारं जनुक शाबूत असतं, एक अक्षरही बदललेलं नसतं, पण त्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात आणि ते गप्प होतं. आळीतल्या पॉवरलूमसारखं: लूम ठीक, वायर ठीक, बटण बंद. खुणा नेमक्या का बसतात, ते मलाच काय, लॅबच्या सरांनाही पुरतं माहीत नाही.
"येवरं शिकून बी ठावं न्हाय?" आत्या म्हणाली आणि पोट धरून हसली. मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली, तेव्हा आळीभर पेढे हिनेच वाटले होते.

१९ नोव्हें.
घरी आले तर आत्या ओटीवर बाजूला बसलेली. ताट वेगळं. देवाला दिवा आईने लावला.
आई चेष्टेत, "वन्सं, पुन्ना तरन्या झाल्या जनू!" आत्या लाजली.
मला हसू येईना. तिची पाळी जाऊन कित्येक वर्षं झाली. सगळे शिवाशिव पाळतायत, रक्त का येतंय हे विचारत कोणी नाही. या बाजूला बसण्यावरून मी किती भांडले. आज त्यामुळेच कळलं.

२० नोव्हें.
म्हटलं, गेलेली पाळी अशी परत येत नाही, डॉक्टरना दाखवू.
"मी न्हाय जात. तुझ्या मशिनीत बघ. मंग तू सांगशील तसा करीन."
'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यावर डॉक्टरकडे आली असती. पण आमचा अभ्यास आहे, निदान नाही. एकट्या बाईला काय झालंय ते त्यातून कळत नाही.

२१ नोव्हें.
खरं सांगून टाकलं. आमचं मशीन तुझं काही सांगणार नाही, आत्या.
"मंग तुझ्या शिकन्याचा उपेग काय?"
लागलं. म्हटलं, एवढाच, की हे रक्त पाळीचं नाही हे मला कळतं. कदाचित साधंच काही असेल. नसलं तर लवकर कळलेलं बरं.
आत्या आईला, "वैनी, ही पाळी न्हाय म्हनते. मंग मी भाईर कशाला बसलेय?" उठली ती सरळ चुलीपाशी. आई बघतच राहिली.
भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता: "कवा जायाचा?"

२४ नोव्हें.
ठाण्याचं हॉस्पिटल. आमच्या लॅबला जिथून नमुने येतात तेच. आतल्या अस्तराचा तुकडा काढला. माझं मनगट तिने सोडलं नाही. वळ आहेत.
बाहेर डॉक्टर म्हणाल्या, "थोडा भाग तुमच्या अभ्यासाला ठेवू? यांची संमती हवी." सुरुवातीच्या टप्प्याचे नमुने आम्हाला कमीच मिळतात. आत्या लगेच, "कुठं सही करू गो?" कशाला ते विचारलंसुद्धा नाही. मी सांगेन तिथे करेल; ही कसली संमती?
म्हणून नको म्हटलं. सगळा तुकडा तपासणीलाच पाठवला.