मुक्याने चढायचा डोंगर

दि. ४ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र उभ्याने लिहितो आहे, कारण बसवत नाही. दुकानभर सोफे रिकामे आणि ते विकणारा उभा, अशी गंमत आहे. बातमी ही, की मी देवाचा डोंगर चढून आलो. आपण दोघांनी बरोबर जाऊन माथ्यावर डोकं टेकवावं, ही आईची इच्छा. पण तुझे गुडघे हल्ली जिना बघूनच कुरकुरतात. म्हटलं, दोघांच्या वतीने मीच उरकून येतो.

वाट दाखवायला तिथलीच एक बाई घेतली. अंगाने काटकुळी, तोंडाने तिखट. पहिल्याच वळणावर म्हणाली, की पोट खाली ठेवून आला असतात तर बरं झालं असतं. तिचा नियम असा, की दुभंगलेल्या कातळापासून माथ्यापर्यंत चकार शब्द काढायचा नाही. काढलाच, तर पुन्हा कातळापासून सुरुवात. देवाचे कान दुखतात का, असं मी विचारलं, पण नियम पाळला. माथ्यावरून फार छान दिसतं.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

दि. ११ मे

चि. पोपटास, अ. आ.

शाळांच्या गणवेशांची घाई आहे, तरी तुझ्यासाठी मशीनवरून उठले. गुडघे माझे, डोंगर दोघांचा आणि ठरवलं तू एकट्याने. आई गेल्यापासून दर उन्हाळ्यात मी चल म्हणत होते, तेव्हा तुझा सेल चालू असायचा. मला विचारलं असतंस, तर कदाचित नाहीच म्हणाले असते. पण विचारायचं तरी. फार वाईट वाटलं.

आता दुसरं. बाईच्या तिखट तोंडाबद्दल एवढं लिहिलंस आणि माथ्याला एकच ओळ? ‘फार छान’ तर तू न बघितलेल्या सिनेमालाही म्हणतोस. दात उपटत असताना डॉक्टरांना सोफ्याचे भाव सांगणारा माणूस तू. तू गप्प राहून वर पोचलास, यावर तुझी बायकोही विश्वास ठेवणार नाही. थापा गिऱ्हाइकांसाठी राखून ठेव आणि खरं लिही.

आशीर्वाद आहेतच, पण सध्या हात आखडता.

ताई

दि. १७ मे

ती. ताईस, सा. न.

नाही पोचलो. कातळापासून निघायचो आणि बोलायचो, पुन्हा निघायचो आणि पुन्हा बोलायचो. बाई आधी हसली, मग वैतागली. शेवटी कातळावर फतकल मारून तिने विचारलं, की ही ताई कोण? मला काही कळेना. तेव्हा म्हणाली, की दर वेळी तुमच्या तोंडून एकच निघतं, ‘ताई, हे बघ.’

खरंच गं. ढग पायाखाली आला, तेव्हा तेच. कड्यावर घार घिरट्या घालत होती, तेव्हाही तेच. बाईने सरळ खाली आणलं. म्हणाली, की तिला घेऊन या नाहीतर घरी ठेवून या, अशी अर्धीमुर्धी आणलेली चालत नाही.

तर आता विचारतो. येशील का?

पोपट

दि. २४ मे

चि. पोपटास, अनेक आशीर्वाद, या वेळी हात न आखडता.

तुझं पत्र वाचून मशीनवर बसले आणि एका पोराच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्याचं खापर तुझ्यावर.

येते. गुडघे कुरकुरतील, ते कातळाच्या अलीकडेच कुरकुरून घेतील. बाईला कळव, की या खेपेला गोगलगाय घेऊन येतोय. पुढे तुझ्या तोंडाचीही काळजी नको. तू ‘हे बघ’ म्हणायच्या आत मी बघितलेलं असेल.

आणि तरीही बोललास, तर तू एकटाच कातळापाशी परत जायचंस. मी वर तुझी वाट बघेन.

गुडघ्यांसकट तुझीच,
ताई