तात्यांच्या बंदुकीतली सुपारी

५ ऑक्टो., रवि. नळदुर्ग
आपल्या जिल्ह्यातल्या वाशीहून तात्यांचा फोन. हैदराबादचे एक जण जुन्या लष्करी बंदुका जमवतात, ते पुढच्या रविवारी तात्यांची बंदूक बघायला येणार. "दत्ता म्हनला, रायफल न्हाय, साधी हाय. तुमी तर रायफल म्हनला हुता न्हवं?"
दत्ता! बँकेत नोटा मोजणारा. ठसे, चाप, नळी, सगळं मीच शिकवलं त्याला. आता लोक आधी त्याला विचारतात. नुसता जळफळाट. जेवण गेलं नाही.

७ ऑक्टो.
वरून रायफल आणि साधी, दोन्ही सारख्याच; फरक आतल्या पीळदार खाचांचा, म्हणजे आट्यांचा. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना मुद्दाम आटे नसलेल्या बंदुका दिल्या. नळीत डोकावल्याशिवाय कळत नाही, आणि मी डोकावलोच नव्हतो. तात्यांकडे दसऱ्याच्या पूजेला लाल फडक्यात सुपारी बांधून नळीच्या तोंडात बसवतात. ती वर्षभर तिथंच. देवाचं म्हणून हात लावला नाही, ठशांवरून छातीठोक सांगून आलो.
आणि हा मेला दत्ता ऐन दसऱ्याच्या सकाळी, जुनी सुपारी निघताना जाऊन बसला! मला का सुचलं नाही?

१२ ऑक्टो., वाशी
काकूंनी हात जोडून सुपारी काढली. "पावनं आल्यात म्हनून. रोज न्हाय काढत."
दत्ता माझ्या पाया पडला. टॉर्च माझ्या हातात दिली. "सर, आधी तुमी बघा." हे जास्त झोंबलं.
बघितलं. आत गुळगुळीत. आट्यांचा मागमूस नाही. सगळे माझ्या तोंडाकडे. म्हणालो, "रायफलच. आटे झिजलेत."
दत्ता खाली बघत राहिला. मग त्यानं टॉर्च परत घेऊन विझवली. पाहुण्यांनी मान डोलावली. तात्या खूश, "म्या म्हनलंच हुतं, सर चुकत न्हाईत."

१४ ऑक्टो.
दत्ताचा फोन नाही. बरंच झालं.
बरं कसलं.

१६ ऑक्टो.
हैदराबादहून फोन. त्यांचा सगळा संग्रह ओळखून द्यायला या म्हणाले. या बोलावण्यासाठी किती वर्षं झुरलो! मग म्हणाले, "तुमच्या त्या दत्तालाही बोलावणार होतो. पण तो साधी म्हणाला होता म्हणे, त्याला यातलं काही कळत नसावं. तुम्हाला काय वाटतं?"
"बघून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. काय बघायचं होतं?
परत त्यांचाच फोन वाजतोय.