पाठमोरी

चोरखमारा, तिरोड्याजवळ
११ फेब्रुवारी १९५९

प्रिय उदेभान,

नाव घेऊन लिहिलं म्हणून रागावू नका. बारा वर्षांत 'अहो'च्या पुढे कधी गेले नाही, आज जाते. पॅरिसहून आलेलं तुमचं पत्र पोचलं. थंडीत तिथला उजेड राखेसारखा असतो आणि त्यात जरासा पिवळा रंग टाकला की तो कसा पेट घेतो, हे तुम्ही दोन पानं भरून लिहिलंत. मामाजींची, स्वतःच्या वडिलांची, तब्येत विचारायला जागा उरली नसावी.

तुमचं हे वेड मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. धान पोटरीत आलं होतं आणि तुम्ही मला बांधावर उन्हात बसवून ठेवलंत. हलू दिलं नाहीत. चित्र झालं तेव्हा माझा अर्धा चेहरा हिरवागार. शेजारच्या नंदाबाई हसून बेजार झाल्या. तुम्ही म्हणालात, धानाचा रंग माणसावर पडतोच, लोकांना दिसत नाही एवढंच. खरं सांगते, त्या दिवसापासून मलाही दिसायला लागलं. तुमच्यामुळे मिळालेली ही एक गोष्ट मी नाकारणार नाही.

मग मुंबईची चित्रशाळा, मग शिष्यवृत्ती, मग बोट. दोन वर्षांत येतो म्हणून गेलात. दोन वर्षांनी तुम्ही नाही, तुमचं मागणं आलं: बांधाची लाल माती पाठव, पळसाची फुलं सावलीत वाळवून पाठव, इथे तसे रंग मिळत नाहीत. मी पुडकी शिवून पाठवत राहिले. तुमची आई गेली तेव्हा तुम्ही चार ओळी दुःखाच्या लिहिल्यात आणि पाचव्या ओळीत विचारलंत, सकाळच्या उन्हात चितेचा जाळ कुठल्या रंगाचा दिसत होता. ती ओळ मी मामाजींना वाचून दाखवली नाही.

गेल्या साली तुम्ही ते रंगीत कार्ड धाडलंत. प्रदर्शनात सगळ्यांनी नावाजलेलं चित्र, खाली छापलेलं 'माझी पत्नी, तलावावर'. पाकीट नाही, काही नाही, उघडं कार्ड. तिरोड्याच्या टपालापासून आमच्या दारापर्यंत ते किती हातांतून आलं असेल, तुम्हीच विचार करा. चित्रात मी नहात होते, पाठमोरी, अंगावर लुगडं नाही, आणि पाठीवर सकाळचं कोवळं ऊन. शालीकराम पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं तेव्हा त्याची मान खाली होती. मामाजींनी पाहिलं आणि माझ्या हातचं जेवण सोडलं. पाण्याला गेले की बाया माझ्यामागे थांबून बघायच्या. केवळ तुम्ही पाहिलेलं होतं ते. तुम्ही ते विकलंत.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. कार्ड मी पुन्हा पुन्हा पाहिलं. पाठ बरोबर आहे, केसही बरोबर. तोंड मात्र तुम्ही काढलंच नाहीत. त्याच्या आधीच्या पत्रात माझा फोटो मागितला होतात, आणि इथे फोटो कोण काढतो म्हणून मी पाठवला नव्हता. तेव्हा समजलं. ऊन तुम्हाला आठवत होतं. माझा चेहरा आठवत नव्हता.

केवळराम तुम्हाला आठवतो का, माहीत नाही. कालव्याच्या दारांवर कामाला आहे, बायको बाळंतपणात गेली. मामाजी तापात पडले तेव्हा त्यानंच बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि आठवडाभर उशाशी बसला. पौषात त्यानं मला मागणी घातली. मी नाही म्हणाले नाही. पंच बसले. नवरा जिवंत असताना दुसऱ्याशी पाट कसा लावायचा, म्हणून खूप वाद झाला, त्या कार्डाचाही विषय निघाला. मी खाली बघत उभी होते. तेवढ्यात मामाजी काठी टेकत उठले आणि म्हणाले, "पोरीले काऊन बांधून ठेवता? चित्र तिनं काढलं का? माया पोरगा नऊ वर्षांपासून तिकडं राहून रायला. सोडून तो गेला, हे नाही गेली." पंचांनी पाटाला होकार दिला. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी माझ्या हातचं पाणी मागितलं.

फाल्गुनात पाट लागेल. मामाजींनी इथंच राहावं, मी रोज येऊन बघेन, असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "माये, मी तुयासंगच येतो." केवळरामनं त्यांच्यासाठी पडवीत खाट विणून ठेवली आहे. म्हणून हे पत्र. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं आहे, घराला कुलूप लागेल. तुमची चित्रं मी गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. नवा पत्ता लिहू का, म्हणून मामाजींना विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. त्याले सांग, आता या पत्त्यावर कोणी राहत नाही."

आजवर तुमचीच होती ती,
फुलवंता