बोथट कात्र्यांच्या डब्यावरचा शब्द

प्रिय ताई,

तू काम सोडलंस त्याला आठ महिने झाले, आणि मी पत्र आज लिहितेय, तेही जेवणाच्या सुट्टीत, पॅकिंगच्या टेबलावर कागद पसरून. तू असतीस तर ओरडली असतीस, "बडबडे, या टेबलावर पेनसुद्धा ठेवायचं नाही!" उचलते बाई. खिडकीपाशी जाऊन बसते.

ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचं वाफेचं नवं मशीन आलंय. जुन्यासारखं खोकत नाही. तीन नव्या मुलीही आल्यात, पण कात्रीची धार उजेडात धरून बघतात! मी त्यांना तुझी रीत दाखवते. गॉझचा, त्या जाळीदार पट्टीच्या कापडाचा तुकडा टोकापर्यंत एका दमात कापला गेला तर कात्री ट्रेमध्ये. एक धागा जरी ओढला गेला तर लाल डब्यात. त्या डब्यावर इंग्रजीत लिहिलेला 'ब्लंट' हा शब्द मला तूच शिकवलास. ब्लंट म्हणजे बोथट. धार लावायला पाठवायचं, नाहीतर सरळ मोडीत.

मुलींना त्या ट्रेची गोष्टही सांगितली. सर्जन दारात उभे, पेशंट टेबलावर, आणि तू ट्रे उघडून बघतेस तर आतल्या पट्टीचा रंग बदललेला नाही. वाफ आतपर्यंत पोचलीच नव्हती. सर्जन म्हणाले, "एवढ्याने काही होत नाही, द्या इकडे." तू ट्रे छातीशी धरलास आणि म्हणालीस, "डॉक्टर, तुमची घाई तुमच्यापाशी. हा ट्रे मी देणार नाही." चाळीस मिनिटं सगळे खोळंबले. सर्जन दात-ओठ खात येरझारा घालत होते, आणि तू शांतपणे दुसरा ट्रे भरत होतीस. त्या दिवसापासून मला कुणी विचारलं, मोठं होऊन काय व्हायचंय, तर पस्तिशीतही मी तुझंच नाव सांगते.

आता खरी बातमी. मी शनिवारी इंग्रजीच्या वर्गाला जाते. हसू नकोस. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या आहेत, कडक आहेत, पण जीव लावून शिकवतात. गेल्या शनिवारी त्यांनी फळ्यावर 'ब्लंट' लिहिलं. मी ताडकन उठून म्हटलं, "बोथट!" बाई म्हणाल्या, "सुरीला लावलंस तर बरोबर. माणसाला लावलंस तर? आडपडदा न ठेवता तोंडावर खरं बोलणारं माणूस." मी त्यांच्याशी भांडलेच. म्हटलं, अशा माणसाच्या जिभेला तर धार असते, त्याला बोथट कसं म्हणतील? बाई हसल्या, "ते इंग्रजांना विचार." सगळा वर्ग हसला. मी मात्र वहीत तो शब्द परत परत लिहीत बसले. पुढचा तास त्या काय बोलल्या, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

सोमवारी कामावर आल्या आल्या मी इन्चार्ज सिस्टरांकडे गेले आणि तुझ्या कामाबद्दलच्या शेवटच्या रिपोर्टची फाईल मागितली. ताई, ट्रेच्या प्रकारानंतर आठवड्याभरात तो रिपोर्ट सहीला आला होता. चष्मा घरी राहिला म्हणून तू मला म्हणालीस, "वाच गं, काय लिहिलंय माझ्याबद्दल." ती लांबलचक इंग्रजी ओळ मला कुठली वाचता यायला! ओळखीचा एकच शब्द दिसला आणि मी शहाणीने तो सांगून टाकला, "तुला बोथट म्हटलंय." तू पेन उघडलंस. सही केलीस. महिनाअखेर गुडघ्यांचं कारण सांगून निघून गेलीस. गुडघ्यांवर माझा तेव्हाही विश्वास बसला नव्हता. पण हा सर्जनांनी उगवलेला सूड आहे, असं समजून मी गप्प बसले. परवा सिस्टरांनी ती ओळ मला मराठीत सांगितली. लिहिणाऱ्या त्याच होत्या. "तोंडावर खरं बोलते, कधीकधी जरा जास्तच, पण उद्या माझ्या आईचं ऑपरेशन असेल, तर ट्रे हिनेच भरावा." मी काय करून ठेवलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, गुडघेच." नव्या मुलींना शिकवायला आठवड्यातून तीन दिवस येशील का, असं त्यांनी विचारलंय. त्या लगेच फोन करणार होत्या. मी म्हटलं, आधी माझं पत्र पोचू द्या, माझी चूक मलाच सांगू द्या. माफ कर म्हणायला तोंड नाही. रागाव, हवं तेवढं बोल, पण इथे येऊन बोल.

तुझीच,
बडबडी