शिकारीला गेलेला नातू

माझ्या भिंतीच्या फळ्या आता कोण भरून देणार? काल तुझ्या दंडाधिकारी नवऱ्याची माणसं घरभर हातोडे मारत फिरली. पिंपातलं पीठसुद्धा भाल्याने ढवळून गेली.

प्रिय थॉमसिन,

लग्न करून तू आपला कॅथलिक धर्म सोडून राजाच्या चर्चमध्ये जायला लागलीस, तेव्हापासून मी तुला लिहिलं नाही. आजही लिहिलं नसतं. हे कारकुनाकडून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून माझं वेडंवाकडं अक्षर सोस.

तुझा भाऊ ऍम्ब्रोज त्या थोरामोठ्यांबरोबर शिकारीला गेला. शिकार म्हणे! राजाला संसदेसकट उडवायचं ठरलंय, हे पोराला कुणी सांगितलंच नाही. लंडनला बेत फसला, तेव्हा म्हणाले, आता धर्मासाठी आमच्याबरोबर चल. हा निघाला. वाटेत पावसाने त्यांची बंदुकीची दारू भिजली. ती कुठे वाळवावी? शेकोटीपुढे पसरून! माझी स्वयंपाकीण ओले मोजेसुद्धा आगीपासून लांब वाळत घालते, आणि हे निघाले होते राज्य उलथायला. ठिणगी उडाली, निम्मे तिथेच भाजले. हा कसाबसा माझ्याकडे पोचला.

काल तो धुराड्यामागच्या पोकळीत श्वास रोखून बसला होता. इकडे एका शिपायाने बिछान्यांत हात घालून पाहिलं. माझा गरम होताच, शेजारचा दुसराही गरम लागला. "आजीबाई, यात कोण निजलं होतं?" म्हटलं, "मीच. एका कुशीला हा, दुसऱ्या कुशीला तो. म्हातारपणी एवढी तरी चैन करू दे की मेल्या!" तो हसला. त्यांचा म्होरक्या हसला नाही. उद्या सुतार आणून भिंती मोजणार आहे. आपल्या जुन्या धर्माच्या प्रत्येक घरी हेच चाललंय. पोरगा सापडला, तर फासावरून जिवंत उतरवून पुढे काय करतात, ते तुला ठाऊक आहे.

या परगण्यात झडती होणार नाही असं घर एकच, तुझं. हे पत्र घेऊन मागच्या दाराशी जो कोळसेवाला उभा आहे, त्याच्या तोंडाकडे नीट बघ. धुऊ मात्र देऊ नकोस. काजळीखाली भुवया उरलेल्या नाहीत, आणि तसाच माणूस सगळे शोधताहेत. तू आपली लॅटिन सोडून इंग्रजीत प्रार्थना कर, नाहीतर कुठल्याही भाषेत कर, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. कागद चुलीत घाल.

तुझीच आजी,
मार्जरी

उत्तर मला लिहू नकोस. ते त्यालाच दे, तिथेच दारात, तुझ्या तोंडाने. नवऱ्याला विचारायला आत जाऊ नकोस.