घेण्यास नकार

ता. उदगीर, जि. लातूर
२० एप्रिल १९८३

प्रिय साहेबराव,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र येऊन दीड महिना झाला आणि मी आज उत्तराला बसलो, माफ कर. तब्येत बरी नव्हती असं लिहिणार होतो, पण तब्येतीला काही झालेलं नाही. राग उतरत नव्हता. अजून उतरलेला नाही, तरी लिहितो, कारण महिनाअखेरीला तू तो कागद पाठवणार म्हणतोस. लढाईतल्या पदकाची नोंद माझ्या नोकरीच्या पुस्तकात करा म्हणून केलेला अर्ज मागे घेतो, माझा काही दावा नाही, असं तू फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहून देणार. साहेबराव, त्या कागदावर सही करू नकोस. या पत्राचा पुढचा भाग रागानं फाडून टाकलास तरी चालेल, पण एवढं एक वाच. सही करू नकोस.

तुझाही राग आला आहे मला. पंचशीलेनं तुला विचारलं, बाबा, तुम्ही खरंच लढलात का, आणि तू गप्प बसलास म्हणे. का गप्प बसलास? पोटच्या पोरीपुढं उजवा हात धरायचा होतास. ती दोन बोटं काय उसाच्या चरकात गेली? कालव्यापलीकडून तीन खेपा करून तीन जखमी ओढून आणलेस, हे तूच मला अंगणात बसून सांगितलं होतंस. दोघांची नावं सांगितलीस आणि तिसऱ्याचं नाव विचारायचं राहिलं म्हणून हळहळलास. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्याचंही नाव बनवून सांगतो. माझ्यासारख्या दीड बुकं शिकलेल्या माणसाला ते तेव्हाच कळलं होतं. आणि तू त्या किशनरावाच्या एका बोलण्यावर गाव सोडलंस, किनवटला वसतिगृहाच्या फाटकावर राखणीला जाऊन बसलास. नव्या जिल्ह्याच्या कौतुकात ग्रामपंचायतीनं फौजेतल्या माणसांची पाटी करायची ठरवली, तुझ्या नावापुढं पदक लिहायचं आलं, तेव्हा सरपंच म्हणून हा बसल्या जागेवरून म्हणाला, कागद दाखव की, तोंडी पदक तर मलाबी हाय. सगळी चावडी हसली. मी तिथंच कोपऱ्यात होतो. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. का बोललो नाही ते पुढं लिहितो, मला तिथपर्यंत यायला वेळ लागणार आहे.

तू लिहिलंस, बा, आता जिल्हा जवळ आलाय, एकदा लातूरला जाऊन विचार. गेलो. उदगीरपासून एस.टी.त उभा राहून गेलो, माझे गुडघे मला शिव्या देत होते. काय त्या जिल्ह्याचं कौतुक! जिकडं तिकडं नव्या पाट्या. मी जन्मलो तेव्हा आपलं गाव बीदर जिल्ह्यात, तू फौजेत गेलास तेव्हा उस्मानाबादेत, आता लातुरात. गाव एक वीत हललं नाही, जिल्हे बदलत राहिले, आणि विहिरीत मात्र गाळसुद्धा ओला नाही. तिथं फौजेच्या कामाच्या टेबलावर गुरुपादप्पा म्हणून निलंग्याकडचे रिटायर सुभेदार बसतात. जुन्या जिल्ह्यातून आलेले लाल फडक्यातले गठ्ठे ते एकेक सोडून लावत होते. तुझं नाव, नंबर सांगितला. म्हणाले, बसा मामा, बघतो. मी मनात म्हणत होतो, सापडू नये. तू हे वाचून चक्रावशील. मी खरंच तसं म्हणत होतो.

सापडलं. सासष्ट सालचा एकच कागद, इंग्रजीत. सुभेदारांनी मराठीत सांगितला. या जवानाला लढाईतल्या कामगिरीबद्दल पदक मंजूर झालं आहे. तसं पत्र आणि सही करून परत धाडायचा फॉर्म घरच्या पत्त्यावर रजिस्टरनं पाठवला होता. तो 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आला. घरी चौकशी व्हावी. म्हणजे पदक होतं, साहेबराव. कागद घरी पाठवलाय म्हणून तुला सांगणारे तुझे कॅप्टनसाहेब खरं बोलले होते. कागदाच्या पाठीवर चौकशीला आलेल्या माणसानं लिहिलं होतं, घर बंद, शेजारी म्हणतात घरधनी देगलूरला गेला. सुभेदारांनी चष्मा काढला आणि विचारलं, मामा, त्या टायमाला घरात कोण राहत होतं? पाकीट माघारी कुणी लावलं? मी म्हणालो, मला काय ठाऊक साहेब. आणि उठलो. पाणी विचारत होते, ते न पिता उठलो.

महिना तसाच घालवला. मग परवाच्या आठवड्यात टँकर आला. आता एक दिवसाआड येतो, आणि आला की अर्धं गाव घागरी घेऊन पळतं. किशनराव यादी घेऊन उभा. मला बघून म्हणाला, काय निवृत्ती, लेकाचं मेडल टँकरातून येतंय का? घागर घेऊन उभा हाइस म्हणून इचारलं. शेजारची कोंडाबाई फाटक्या तोंडाची, ती तिथल्या तिथं म्हणाली, सरपंच, तुमच्या टँकरातून धड पाणी येईना, मेडल कुठलं येतंय! बाया हसल्या, तोही हसला. मला हसू आलं नाही. मी घागर खडकावर आपटली. तुझ्या आईच्या माहेरची तांब्याची घागर, कुशीत चेमटली. घरी येऊन किशनरावाला शिव्या घातल्या, त्याच्या बापाला घातल्या, डाकखान्याला घातल्या, फौजेला घातल्या की माणूस दवाखान्यात पडलेला असताना त्याचा कागद त्याच्या अडाणी बापाकडं कशाला पाठवता. दिवस मावळेपर्यंत घातल्या. मग शिव्या संपल्या आणि घरात मी एकटा उरलो.

आता ऐक. छप्पन साली आपण धम्म घेतला आणि मी गावकीची कामं टाकली, तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. त्याआधी गावात कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन मी जायचो. आपल्या लोकांनीच जायचं, तशी रीतच होती, नाही म्हणायची सोय नव्हती. कधी तोंडी सांगावा, कधी चिठ्ठी. मयतीच्या चिठ्ठीचा कोपरा फाडलेला असायचा. तो फाटका कोपरा दिसला की कुणी वाचायच्या भानगडीत पडत नसे, बाया लांबूनच हंबरडा फोडायच्या. आठ-आठ कोस उन्हातून जायचं आणि अंगणाबाहेर उभं राहायचं. पुष्कळदा आत माणसं जेवायला बसलेली असायची. मग मी लिंबाखाली बसून राहायचो. घरातली म्हातारी हाक मारून विचारायची, पाऊसपाणी कसं हाय रे तुमच्याकडं, आणि मी सांगायचो, बरं हाय. मी तोंड उघडेपर्यंत त्यांचं माणूस जिवंत असायचं. त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत मी ते जिवंत ठेवायचो. असं किती घरांत केलं, आठवत नाही. त्या कामाची मला इतकी चीड आहे की आज हे लिहितानाही दात आवळले आहेत.

पासष्टच्या दिवाळीनंतरची गोष्ट. लढाई थांबून दोन महिने झाले होते आणि तुझं एक अक्षर नव्हतं. उजवा हात जायबंदी आहे, लिहिता येत नाही, हे आम्हाला कुठं ठाऊक? तुझी आई कापूस वेचायला गेली होती. रेवणसिद्ध पोस्टमन सायकल लावून दारात आला. हातात लांब खाकी पाकीट, लाखेचा शिक्का, वर सगळं इंग्रजी. आणि एका बाजूचा कोपरा फाटलेला. डाकेच्या पोत्यात घासला असेल, उंदरानं कुरतडला असेल. हे आज म्हणतो. त्या दिवशी मला दुसरं काही दिसलंच नाही. तो म्हणाला, निवृत्ती, फौजेचं हाय, तुला सही येती, कर इथं. मी दोन्ही हात पाठीमागं धरले. म्हणालो, न्हाई घेत. तो म्हणाला, येडा का खुळा तू, सरकारी कागद हाय. मी म्हणालो, न्हाई घेतलं म्हणून लिही आणि जा. त्यानं शिसपेन्सिल जिभेला लावली, लिहिलं, आणि गेला. कागद हातात घेतला नाही तोवर तू मेला नाहीस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कुणाकडून तरी वाचून घ्यायचा होतास, म्हणशील. निजामाच्या शाळेत दाराबाहेर बसून दोन वर्षं उर्दू गिरवली, मराठी तुझ्या पहिलीच्या पुस्तकातून उचलली, इंग्रजी मला येत नाही. गावात इंग्रजी वाचणारं घर एकच, किशनरावाच्या बापाचं. त्याच्या पायरीखाली उभं राहून विचारायचं होतं का, माझा लेक मेला का ते बघून सांगा?

मग संक्रांतीच्या सुमाराला दवाखान्यातल्या नर्सबाईनं तुझ्या वतीनं लिहिलेलं पत्र आलं. तू जिवंत. तुझ्या आईनं सगळ्या वस्तीत गूळ वाटला. मी गूळ तोंडात धरून बसलो, गिळवेना. सरकारी कागद परत केला, आता पोलीस येतात की तुझी नोकरी जाते, या धास्तीनं मला झोप नव्हती. एक दिवस खाकी कपड्यातला माणूस घर विचारत येताना लांबून दिसला. तुझी आई शेतावर होती. मी शेजारी देगलूरला जातो एवढं सांगून, कडी-कुलूप घालून मागच्या वाटेनं निघालो आणि तीन दिवस देगलूरला मावसभावाकडं पडून राहिलो. तू रजेवर आलास आणि पहिल्याच दिवशी विचारलंस, बा, घरी कागद आला होता का, कॅप्टनसाहेब म्हणाले पाठवलाय. मी म्हणालो, न्हाई. काहीच आलं न्हाई. तुझी पलटण बदलली, कॅप्टनसाहेब पुढच्या लढाईत गेले, आणि तू अर्जांवर अर्ज लिहीत राहिलास. सतरा वर्षं तू ज्याला शोधत राहिलास, तो तुझ्यासमोर बसून भाकरी खात होता. तुझी आई मरेपर्यंत येईल त्याला सांगायची, माझ्या लेकाचा कागद वाटंत हाय. मी तिच्या उशाशी बसून ते ऐकलं. तिलाही सांगितलं नाही.

परवा सोमवारी पुन्हा लातूरला गेलो आणि सुभेदारांना सांगितलं, पाकीट मी परत केलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, मामा, सतरा वर्षं काय केलासा? माझ्यावर एवढा आवाज चढवला की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली, आणि मला बरं वाटलं. कुणीतरी ओरडायलाच पाहिजे होतं. मग शांत झाले आणि समजावून सांगितलं. माझा जबाब लेखी पाहिजे, तोही ग्रामपंचायतीच्या सभेत सगळ्यांसमोर, खाली सरपंचाची आणि चार पंचांची सही. तो कागद जुन्या कागदाला जोडून वर गेला की नोंद होण्यातली अडचण निघते, जवानानं नाकारलं नव्हतं हे सिद्ध होतं. पण अर्ज उभा पाहिजे. त्यानं एकदा लिहून दिलं की मला काही नको, मग तुम्ही सभेत बोला नाहीतर डोंगरावर चढून बोला, उपयोग नाही, असं म्हणाले.

सभा एक मेला आहे, झेंडा झाल्यावर. मी उभा राहणार आहे. जी माणसं तुला हसली त्यांच्याच पुढं सांगणार आहे की माझा लेक खोटा नाही, खोटा मी आहे. आणि खाली पहिली सही किशनरावाला करावी लागणार आहे. मला भीती वाटते. पण सभेत बोललेलं एस.टी.बरोबर दुसऱ्या दिवशी किनवटला पोहोचतं, आणि हे तू फाटकावर उभा असताना कुणा परक्यानं हसत हसत तुला सांगावं, ते मला सहन होणार नाही. म्हणून आधी लिहिलं. हे माफीचं पत्र नाही, उशिराबद्दल मागितली तेवढीच माफी, बाकीची मागायला मला तोंड नाही. पंचशीलेला तू काही समजावत बसू नकोस, हेच पत्र तिच्या हातात दे, ती वाचेल. सही करून पाठवली असशील तर तार कर, मी लातूरला जाऊन सुभेदारांचे पाय धरतो. पाठवली नसशील तर कार्ड टाक. शिव्या लिहायच्या असतील तर सगळ्या लिही, उघड्या कार्डावर लिही, पोस्टमन वाचेना का. पण साहेबराव, एक तारखेच्या आत कळव. लवकर कळव.

तुझाच बाप,
निवृत्ती